पंचवीस आणि चाळीसच्या मध्ये

व्हॅन घेतली ती यूलोच्या विधवेकडून,
पावाचे ट्रे नीट बसतात म्हणून, बाकी काही बघून नाही.
टेपमध्ये एक कॅसेट अडकलेली.
"ती निघत नाही," बाई म्हणाली, "पण तिचे पैसे मी धरलेले नाहीत."

आठ दिवस मी ती लावलीच नाही.
नवव्या दिवशी हाप्सालूपाशी रेडिओ तुटला
आणि चाचपडताना कुठलं तरी बटण दाबलं गेलं.

आधी काहीच नाही. खरखर.
कुणीतरी लाकडी बाकावर बसल्याचा आवाज.
मग कानेलची एक तार,
आमच्या लग्नांत वाजते तीच कानेल,
पण इथे तिला कुठे पोचायची घाई नव्हती.
चार मिनिटं एकाच सुराभोवती घुटमळली.
मग खालून गिटार आली,
गोठलेल्या नळाला सकाळी पाणी येतं तशी:
आधी खोकत, मग एकदम.
सहाव्या मिनिटाला ढोल, आणि तोवर
मी रोहुकुलाचा फाटा चुकलो होतो.
वीस वर्षांत पहिल्यांदा.

कव्हर नाही, नाव नाही.
फटीतून टॉर्च मारली तर पेनानं लिहिलेलं एवढंच दिसे:
उदुकेल.
म्हणजे धुक्यात जहाजांसाठी वाजवायची घंटा.

आवडलेलं माणूस दोन तऱ्हांनी खातो,
दार लावून, नाहीतर पंगत मांडून.
महिनाभर मी दार लावून खाल्लं.
मग राहवेना.
पण कॅसेट निघत नव्हती, उसनी देणार कशी?
म्हणून माणसंच गाडीत घेऊ लागलो.

औषधाच्या दुकानातली लाइने शेवटपर्यंत ऐकून म्हणाली,
"तुझा फॅनबेल्ट दाखवून घे."
कौर, सोळा वर्षांचा, कानांत सदा काहीतरी खुपसलेलं,
दुकान आलं तरी उतरला नाही;
ट्रे मीच वाहिले,
तो काचेवर बोटानं ताल धरून.
एल्वी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी
पोस्टापाशी उभी होती, वाट वाकडी करून,
हातात पिशवी, पिशवीत काही नाही.

फेब्रुवारीत समुद्र गोठला, बर्फावरचा रस्ता उघडला.
नियम इथे पोरासोरांनाही पाठ:
सीटबेल्ट सोडून ठेवायचा, मध्ये थांबायचं नाही,
पंचवीसच्या खाली चालवायचं, नाहीतर चाळीसच्या वर.
मधल्या वेगानं खाली पाण्यात लाट उठते
आणि लाट वरचा बर्फ फोडते.
कौर म्हणाला, हे म्हणजे यांचं गाणंच की,
सहा मिनिटं पंचवीसच्या खाली,
मग थेट चाळीसच्या वर.
इतकी वर्षं पाव वाहतोय, मला हे सुचलं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर केशरी जाकिटातला एकजण
भोक पाडून बर्फाची जाडी मोजत होता.
हात वर केला: हळू.
चालण्याच्या वेगावर आलो, काच खाली केली.
तो गाडीच्या कडेनं चालू लागला.
"सदतीस सेंटिमीटर," म्हणाला, आणि पुढचं
तोंडातच राहिलं.
ढोल यायला अजून दहाएक सेकंद होते.
त्याचे हात आधीच हलले.
कौरनं माझ्या मांडीवर बुक्की मारली.

"जाळ्यांच्या शेडमध्ये केलेलं," तो धापा टाकत म्हणाला,
"चाळीस कॅसेट. एक यूलोनं नेली,
पैसे दिले नाहीत."
"अजून वाजवता?"
त्यानं बर्फात भोक पाडायचं यंत्र उचलून दाखवलं.
मी खिडकीतून राईचा एक पाव दिला,
यूलोच्या खात्यावर.
त्यानं तो जाकिटात सरकवला, गरम होता अजून.
"निघा आता. मागून ट्रक येतोय,
दोघांचं वजन एका जागी नको."

चाळीसच्या वर नेली.
आरशात तो लहान होत गेला, एक पाय आपटत,
थंडीनं असेल.
कौर म्हणाला, बसवायला हवं होतं त्याला.
पुढे तू, मागे ट्रे, मी म्हणालो, कुठे बसवणार?

उद्या दोन ट्रे कमी भरेन.